आतोबांची वासाची युक्ती

साऱ्या माणसांना घोड्यांच्या मापानं मोजणारा आमच्या आतोबांसारखा दुसरा माणूस कर्जत-खालापुरात झाला नाही आणि होणारही नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कळंबजवळ एका शेठचा घोड्यांच्या पैदाशीचा तबेला होता, तिथले ते कारभारी. कुठल्या घोडीला कुठला घोडा दाखवायचा, शिंगरू आईपासून कधी तोडायचं, सगळं त्यांच्या शब्दावर चाले. पुढं शर्यतीत ती शिंगरं काय दिवे लावतात, याची त्यांना फिकीर नव्हती. गाभण घोड्या म्हणजे त्यांच्या लेखी बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणी. तिथं कुणी नुसतं शिंकलं तरी ते ओरडत, "हळू रं, पोटुशी हाय ती!" आणि तेही शिंकेच्या दुप्पट आवाजात. आत्याचे हळिवाचे लाडू डब्यातून परस्पर तबेल्यात जात. एकदा चौक गावाला पुतणीसाठी स्थळ बघायला गेले आणि नवऱ्या मुलाला अंगणात दोनदा चालवून निकाल देऊन आले, "पायानं साफ हाय, पण दाणा येळेवर खात नसंल." त्या जावयाला आमच्याकडे अजूनही आधी वाढतात.

माझी आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला आत्याकडे आणलं. आत्याला मूलबाळ नव्हतं, तिनं माझ्यावर जीव टाकला. पण मी तिच्या हातचा घास घेईना. आईचं एक वापरलेलं लुगडं कवटाळून भिंतीकडे तोंड करून बसे. शेवटी आत्या रडत म्हणाली, "ही पोर माजी व्हायची नाय. धाडा हिला आजोळी."

आतोबा मला खांद्यावर घेऊन तबेल्यात गेले. तिथं एक शिंगरू पोरकं झालं होतं, आणि दुसऱ्या एका घोडीचं शिंगरू मेलं होतं. ती घोडी पोरक्याला जवळ येऊ देईना, चावायला धावे. आतोबांनी तिच्या मेलेल्या शिंगराच्या अंगाखालचं गवत उचललं आणि पोरक्याच्या पाठीवर खसाखसा चोळलं. घोडीनं हुंगलं, फुरफुरली, पुन्हा हुंगलं आणि त्याला चाटायला लागली. आतोबा तिच्याकडे बघतच राहिले.

घरी येऊन ते आत्याला म्हणाले, "वहिनीचं लुगडं नेस. धुवू नको."

"गेलेल्या बाईचं, आनि न धुता? लोक काय म्हंतील?"

"लोकांना भरवायचं नाय आपल्याला."

मला डोळा लागल्यावर आत्यानं ते लुगडं हळूच सोडवून घेतलं आणि ते नेसून चुलीपाशी बसली. मी भिंत सोडली, तिच्या मांडीवर जाऊन पदरात नाक खुपसलं आणि भात खाल्ला. आजोळी जायचं कुणी पुन्हा काढलं नाही.

हळूहळू त्या लुगड्याला आत्याच्या घामाचा, चुलीच्या धुराचा वास लागला. आज आईची आठवण काढली तर कुणाचा वास कुठला, मला वेगळं करता येत नाही. एका पोरक्या पोरीला आतोबांनी दोन आया दिल्या. लग्नानंतर माहेरी आले की मी त्यांच्या पाया पडायला वाके, तर ते पाठीवर थाप मारून, घोडीच्या दाण्याची चौकशी करावी तसं म्हणत, "पुरे गं. चंदी खाल्लीस का?"

आता मला तसं विचारणारं कुणी नाही.