मालकिणीच्या पुढे

"उपट ते. सगळं उपट."

मालकीण बांधावर उभी, मी चिखलात. तेव्हा मी बारावीत होते. कापडे गावात तिच्या शेतावर आईबरोबर पहिल्यांदाच लावणीला गेले होते.

लावणी उलट्या पावली करतात. मालकीणही आमच्याबरोबर लावत होती, पण माझा हात झपाझप चालला. मी मागच्या बांधाला टेकले तेव्हा मालकीण अजून निम्म्यातच होती. तिच्या एका अंगाला बांध, दुसऱ्या अंगाला मी लावलेलं भात. मधेच कोंडली. बायकांत कोणीतरी खुदकन हसलं. तेच भोवलं.

"कानामागून आली नि तिखट झाली! आमच्या मागं ऱ्हायचं तुम्ही. तुझी आय ऱ्हायली, आजी ऱ्हायली. तू कोण मोठी?"

आई मान खाली घालून म्हणाली, "उपट गो. नायतर उद्यापासून काम नाय."

उपटलं. डोळे पुसायला हातसुद्धा स्वच्छ नव्हता.

पुन्हा लावायला वाकले आणि आईकडे लक्ष गेलं. आमच्या बौद्धवाडीत आईसारखा हात कुणाचा नाही. ती मुद्दाम हळू लावत होती. थोडं लावायची, थांबायची, मालकीण कुठवर आली ते बघायची. वाडीतल्या सगळ्याच बायका तशा. मालकिणीच्या पुढे जायचं नाही, हा तिथला रिवाज. मला कुणी सांगितलाच नव्हता. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. हातातली रोपांची मूठ चिखलात आपटली आणि चालू लागले.

"परत ये गो!" आई ओरडली.

नाही गेले. आईचं काम तुटलं. तो पावसाळा आम्ही पेजेवर काढला.

आज वाडीतल्या बायकांची टोळी मी चालवते. लावणीला माणूस मिळत नाही, सगळ्यांची पोरं मुंबईला. परवा मालकिणीचा मुलगा दारात आला.

"ताई, आमचं पहिलं घ्या ना, प्लीज. रोपं पिवळी पडतायत. आई रडतेय."

मी त्याला बसा म्हटलं नाही. "तुमचं शेवटी," एवढंच म्हटलं.

तो गेल्यावर आई म्हणाली, "सोड गो आता. म्हातारी झाली ती."

म्हातारी माझी आईही झाली. हात आखडून आखडून झाली. मालकीण रडतेय हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? यंदा त्यांचं शेत सगळ्यात शेवटी. पुढच्या वर्षीही शेवटी. रोपं कुजली तर कुजू देत. ती स्वतः येऊन पाया पडली तरी माझं उत्तर बदलणार नाही.