परदेशातून आलेली नोकरी
एसीच्या खोलीत कोंडलेला मोज्यांचा वास आला की मला बारामतीतला आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ईमेलची आम्हाला भारी नवलाई होती. निरवांगीहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीला परदेशी कंपनीकडून नोकरी मिळाल्याची मेल आली, आणि दुसऱ्या दिवशी ती वडिलांना आणि पेढ्यांचा पुडा घेऊनच आली. पेढे वाटून झाल्यावर सरांनी मेल उघडली आणि त्यांना हसू फुटलं. कंपनीला स्वतःच्या नावाचं स्पेलिंगही जमलं नव्हतं, आणि मुलीला 'डियर सर' म्हटलं होतं. "अगं, ही फसवाफसवी आहे. मलाही आलीय," असं म्हणून ते साहेबी आवाजात मेल मोठ्यानं वाचू लागले. प्रत्येक चुकीला वर्ग खिदळत होता, तोंडात तिचेच पेढे होते. तेवढ्यात बाहेर थांबलेले वडील दारातून डोकावले. "सायब, इमानात कुठनं बसायचं?" "निरवांगीच्या स्टँडवरनं!" सर म्हणाले, आणि पोरं टेबलं बडवत हसली. काही न कळून वडीलही हसले. मुलगी उठली आणि त्यांना घेऊन निघाली. मी त्यांच्या मागोमाग जिना उतरत होते. "नोकरीबिकरी काय न्हाय, आबा. खोटं हुतं," ती म्हणाली. ते थबकले. "मग ती पोरं येवढी कशाला हासत हुती?" तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "तुमाला," ती म्हणाली. आता तसल्या मेल मला रोज येतात. ऑफिसात कुणी एखादी वाचून दाखवायला लागलं की मी उठून बाहेर जाते.