अक्काने राखलेली भिंत

धुळ्याला आमच्या घरी फोन नाही. शेजारच्या किराणा दुकानात आला, तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. तसाच साबणाच्या तोंडाने गेलो. पलीकडून सुपडू पेंटर बोलत होता. "भाऊ, अक्का गयी... सकाळ चहा पिनी, खाटवर टेकली, तशीच गयी. तुम्ही या. भिंतनी फिकीर करू नका, मी तठेच बठेल शे." बहीण गेल्याची बातमी देणारा माणूस त्याच दमात भिंतीची खात्री देतो, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. उलट तेवढ्या दुःखातही जरा धीर आला, कारण अक्का गेली हे कळताच ती भिंत पुसायला कोण धावेल, हाच विचार माझ्याही मनात आला होता.

अक्का माझी सर्वांत मोठी बहीण. चोविसाव्या वर्षी विधवा झाली, माहेरी येऊन रडत बसली नाही, नर्सचं शिक्षण घेतलं आणि एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात लागली. पाचोरा-चाळीसगावच्या पट्ट्यातलं गाव म्हणा. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबेल. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. एरवी ती आमच्याशी, गल्लीशी अहिराणीतच बोलायची, पण राग आला की एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी सुरू व्हायचं. अक्का शुद्ध बोलू लागली की आम्ही भावंडं गुपचूप चपला शोधायचो. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, तशी तिच्या रागावर नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

तिचं घर रेल्वे फाटकाच्या रस्त्यावर, अगदी कोपऱ्याचं. बाजारात जाणारा प्रत्येक माणूस त्या घराच्या लांब भिंतीसमोरून जातो. ऐंशी सालानंतरच्या एका निवडणुकीत तिथले उमेदवार अक्काच्या ओट्यावर येऊन बसले. मी त्यांना इथे नुसतं आप्पा म्हणतो. आडनाव त्यांच्या नातवंडांसाठी सोडून देतो. त्या गल्लीला नळ नव्हता. बायका रूळ ओलांडून पलीकडच्या जिनातल्या, म्हणजे कापसाच्या कारखान्यातल्या, विहिरीवर जायच्या, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी. आप्पांनी दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, "अक्का, निवडून आलो की सहा महिन्यांत नळ. तुमची भिंत तेवढी द्या." अक्काने भिंत दिली. एवढंच नाही, दारोदार फिरून बायकांना सांगितलं की हा माणूस नळ आणणार. गल्लीने मत दिलं ते आप्पांना नाही, अक्काच्या शब्दाला दिलं. भिंतीवर हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत ओळ आली, 'सहा महिन्यांत घरोघरी नळ. तुमचा आप्पा.' शेजारी एक तोटी आणि तीन थेंब. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, जसं सगळेच पेंटर लिहितात तसं, 'सुपडू आर्ट'.

सहा महिने गेले, वर्ष गेलं, दीड वर्ष झालं. पाइप आले, पण ते आप्पांच्या नव्या बंगल्याकडे वळले. बंगल्यापुढे कारंजं झालं. बायका विहिरीवर जाताना ते कारंजं बघत आणि अक्काच्या ओट्याकडे बघत. बोलत कुणी नव्हतं, पण अक्काला ते कळत होतं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, असं म्हणून तिने शेवटी ते सोडून द्यायचं ठरवलं. हे मी खात्रीने सांगतो, कारण पुढच्या सगळ्या सुडाचं वर्णन ऐकून लोकांना वाटतं की तिने पहिल्या दिवसापासून डूख धरला होता. नाही. त्या उन्हाळ्यात तिने चारही भिंतींना बाहेरून सिमेंटचा रंग द्यायचं काढलं, नळाच्या ओळीसकट सगळं पुसून टाकायचं, आणि काम दिलं ते त्या कोपऱ्यातल्या नावालाच. सुपडूच्या दुकानात जाऊन म्हणाली, "तू लिखेल शे ना? मंग तूच पुस."

सुपडूचा ठराव गावातल्या सगळ्या रंगाऱ्यांसारखाच होता. रंग त्याचा, माणसं त्याची, चढून उभं राहायची परांची त्याची, "पानी मातर तुमनं, अक्का." त्यात हा सिमेंटचा रंग म्हणजे पाण्याचा राक्षस. आधी भिंत भिजवायची, मग रंग, मग वाळू लागला की पुन्हा दोन दिवस पाणी मारायचं, नाहीतर सगळा भुकटी होऊन हाताला येतो. पाणी कुठलं? रुळांपलीकडचं. अक्काने हे आधी धरलंच नव्हतं. ठरावात पाणी घरमालकाचं, हे ती ऐकत आली होती, पण एका भिंतीला किती हंडे लागतात हे तिला कुठे ठाऊक? गल्लीतल्या बायका आपणहून पुढे आल्या. कुणी एक खेप, कुणी दोन. तिसऱ्या दिवशी तीन भिंती फिकट पिवळ्या होऊन उभ्या राहिल्या, नळाची ओळ असलेली चौथी उरली. सुपडूने पत्रा घेऊन ती खरवडायला सुरुवात करायची, तेवढ्यात लीला हंडा घेऊन आली.

लीला चार घरं सोडून राहायची. लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिल्यांदा दिवस गेले होते आणि आठवा महिना चालू होता. अक्का दर आठवड्याला तिला तपासायची. तिला हंड्यासकट पाहून अक्का ओरडली. लीला हसून म्हणाली, "एक हंडाले काय व्हस, अक्का? तुमनं घर म्हंजे मनं घर." हंडा पिंपात ओतला आणि अक्का आत तिच्यासाठी चहा टाकायला गेली, तेवढ्यात ही दुसऱ्या खेपेला निघूनही गेली... रुळांवर पाय घसरला. सुपडूने आणि त्याच्या माणसाने परांचीची फळी सोडवून त्यावर तिला दवाखान्यात नेलं. लीला वाचली. मूल नाही वाचलं, आणि पुढे कधी झालंही नाही.

अक्का संध्याकाळी घरी आली. हात धुतले, बाहेर येऊन भिंतीपुढे उभी राहिली. सुपडू पायरीवर डोकं धरून बसला होता. तेव्हा ती जे बोलली ते त्याने मला इतक्या वेळा सांगितलंय की मीच तिथे होतो असं वाटतं. "सुपडू, या भिंतीला हात लावायचा नाही. हे पुसलं तर तो सुटला." शुद्ध मराठीत.

त्या दिवाळीला तिने सुपडूला पुन्हा बोलावलं आणि तीच अक्षरं नव्या ऑइल पेंटने गिरवून घेतली. ऑइल पेंटला पाणी लागत नाही, हेही तिने आता शिकून घेतलं होतं. मग दर दिवाळीला. गावातली घरं रंगायची आणि अक्काची तोटी, तिचे तीन थेंब, ते 'सहा महिन्यांत' पुन्हा लखलखायचे. मी एकदा म्हणालो, खाली दोन सणसणीत शब्द वाढव. तिने मला मूर्खात काढलं. "शिवी दिली तर तो कोर्टात जाईल. त्याचंच बोलणं त्याला परत दिलं तर कुठे जाईल? आपण एक अक्षर वाढवायचं नाही." पहिल्या वर्षी आप्पा खूश होते, अक्का आपली माणूस म्हणून सांगत फिरले. दुसऱ्या वर्षी त्यांना कळलं. तोवर गावालाही कळलं होतं. शिंप्याने कपडे कधी देतो सांगितलं की गिऱ्हाईक विचारायचं, "आप्पाच्या सहा महिन्यांत का?" स्टँडवर उशिरा येणाऱ्या एस.टी.ला लोक आप्पाची गाडी म्हणू लागले. विरोधकांनी पुढच्या निवडणुकीत त्या भिंतीसमोर टेबल टाकून सभा घेतली. भाषण करायची गरजच पडली नाही, नुसतं बोट दाखवलं. आप्पा पडले. मी धुळ्यात पेढे वाटले, आणि ते लपवायचं मला आजही काही कारण दिसत नाही.

त्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा भर दुपारी दोन माणसं चुन्याची बादली घेऊन आली. अक्काने ओट्यावर वही-पेन्सिल घेऊन बसत विचारलं, "आपली संपूर्ण नावे सांगता का? पोलिसांत लिहून द्यायची आहेत." माणसं गेली, बादली राहिली. तो चुना तिने दारातल्या कडुनिंबाच्या बुंध्याला मारला. मग निरोप आला की फक्त तुमच्या घराला नळ देतो. तिने निरोप्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. शेवटी आप्पांनी मला गाठलं, बहिणीला भिंत पुसायला सांगा म्हणाले. मी सरकारी कारकून, बदलीची टांगती तलवार डोक्यावर, आणि त्यांचे हात निवडणूक हरल्यावरही पोचत होते. मी पहिल्या गाडीने अक्काकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत तिने ओळखलं. म्हणाली, "हंडा ले. जिनवरथून एक खेप आन. मंग बोलूत." मी गेलो. भरलेला हंडा खांद्यावर घेऊन रुळांवर आलो, फाटक पडलेलं, मालगाडी समोरून जात होती, ती जाईपर्यंत उभा राहिलो. घरी येऊन हंडा ठेवला, जेवलो आणि भिंतीचा विषय न काढताच परतलो. बदली झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी तीन वर्षं काढली, बायको-मुलं धुळ्यात. ते मी विसरलेलो नाही.

दहाव्या वर्षी दुसऱ्याच लोकांनी गल्लीत नळ आणला. सगळे म्हणाले, अक्का, आता पुसा, झालं ना काम. मीही म्हणालो. अक्का तोटी फिरवून बघत होती, सोडत होती, बंद करत होती. म्हणाली, "नळ आला, बरं झालं. सहा महिने कुठे आले?" आणि त्या दिवाळीला पुन्हा सुपडू. बाकीच्या तीन भिंती तिने मधल्या काळात दोनदा रंगवून घेतल्या, एकदा हिरव्या, एकदा बदामी. चौथी तशीच.

तेराव्याला आप्पा आले. म्हातारे झालेत, काठी लागते. ओट्यावर त्याच जागी बसले. अक्का किती मोठ्या मनाची होती वगैरे बोलून झालं, मग भिंतीकडे मान करून म्हणाले, "भाऊ, आता तरी पुसून घ्या. एका नळापायी माणसाने किती वर्षं धरून ठेवावं?"

मी म्हणालो, "नळापायी नाही आप्पा. लीलापायी."

"कोण लीला?"

लीला आमच्यासमोरून पत्रावळींचा गठ्ठा घेऊन पंगतीकडे चालली होती. मी आप्पांच्या तोंडाकडे बघितलं. नाटक नव्हतं. त्या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी हसू झेललं, निवडणूक हरले, रस्ता बदलून गेले, आणि हे सगळं एका तोटीसाठी चाललंय असंच समजत राहिले. अक्काला वाटलं, अख्ख्या गावाला माहीत आहे तर त्यालाही असणारच. शहाण्याला शब्दाचा मार म्हणून ती गप्प राहिली, आणि समोर शहाणा नव्हताच. मला आप्पांचा राग आला, त्याहून जास्त अक्काचा आला, आयुष्यात पहिल्यांदा. मग मी सांगितलं. पंगत उठेपर्यंत, एकेक करून, हंडा, रूळ, परांचीची फळी, सगळं. आप्पा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही हो." आणि काठी टेकत निघून गेले. लीलाकडे त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून मी पुन्हा अक्काच्या घरी आलोय. परवा सुपडू रंगाचे डबे घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हणालो, यंदा एक ओळ वाढवायची. 'हा नळ वेळेवर आला नाही म्हणून लीलाबाईचं बाळ गेलं.' सुपडूने ब्रश खाली ठेवला. अक्काने एक अक्षर वाढवू दिलं नव्हतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग म्हणाला, "आदी तिले इचारा." बरोबर होतं. मी चार घरं चालत गेलो. लीला दारात तांदूळ निवडत बसली होती, आता केस पिकलेत. मी ओळ वाचून दाखवली, दोनदा. गावभर लोक वाचतील, विचारतील, तुला नको असेल तर राहू दे, असंही म्हणालो. तिने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"लिखा भाऊ," ती म्हणाली. "पन मोठं लिखा. माले वाचता येस नही... आप्पाले येस."