अण्णांची बेचाळीसची खानावळ
आम्ही वाशीला राहायला आलो ते ऐंशीच्या सुमाराला. अण्णा, म्हणजे माझे वडील, नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना नव्या फ्लॅटमध्ये करमेना. मग त्यांना कॉलेजसमोरचं चहाचं हॉटेल सापडलं. रोज सकाळी तिथे पोरापोरींच्या घोळक्यात बसून ते बेचाळीसच्या चळवळीच्या गोष्टी सांगायचे. पुण्यात शिकताना ते ज्या खानावळीत जेवत, तिथे म्हणे विद्यार्थ्यांच्या गुप्त बैठका भरायच्या, पत्रकं वाटली जायची.

आणि हे मला कळलं कुणाकडून, तर भाजीवाल्याकडून! घरी विचारलं की अण्णा म्हणत, "झालं ते झालं, काय त्याचं." माझा नुसता जळफळाट व्हायचा. विशेषतः त्या घोळक्यातल्या एका वेणीवाल्या पोरीवर. तिला ते 'बाळ' म्हणत. मला जन्मात कधी म्हणाले नाहीत.

एकदा दूध आणायच्या निमित्ताने मी हॉटेलात शिरले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. मला पाहताच अण्णांनी गोष्ट अर्धीच सोडली, चहा संपवला आणि उठून गेले. पोरं माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी काही मीच आगंतुक. मी सरळ वेणीवालीला गाठलं.

"काका बोललेत, तुमाला सांगायचं नाही, ताई," ती चाचरली. मग सांगितलंच. खानावळीच्या खिडकीपाशी बसून जेवायचं, हे अण्णांचं काम. त्यांनी ताट पालथं घातलं की बाहेरून येणाऱ्यांनी समजायचं, आत पोलीस आहेत. एका रविवारी बासुंदी-पुरी वाढून झाली आणि साध्या वेशातले पोलीस येऊन बसले. भरलं ताट पालथं घालायला अण्णांचा हात धजेना. अन्न होतं ते. तेवढ्यात त्यांचे दोन मित्र आत आले आणि पकडले गेले. त्यातला एक तुरुंगातच वारला.

खरं तर मला अण्णांची कणव यायला हवी होती. आली नाही. आमच्या घरातलं एवढं मोठं दुःख, आणि ते त्या पोरीच्या ओटीत घातलं! मी पोटची मुलगी, मला काय, तर पेन्शनीच्या गप्पा.

दुपारी जेवताना मी विचारलंच, "परक्या पोरांना सांगता, मग मला का नाही सांगितलंत?"

अण्णांनी हातातला घास खाली ठेवला.

"ती पोरं परीक्षा झाली की पांगतात," ते म्हणाले. "तू रोज समोर जेवायला बसतेस."