ओला दोर

हिरूबाईचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे अख्ख्या बौद्धवाडीला ठाऊक. मुंबईच्या फिल्मच्या कारखान्यात फिती कापता-जोडता तिचं उभं तारुण्य गेलं. डोळे अधू झाले तशी ती चौक गावाजवळच्या आपल्या गावी परतली, आणि मे महिन्याच्या सुट्टीत वाडीतल्या पोरांना विहारात बसवून तेच काम शिकवायला लागली. शिकवायची कसली, शिव्याच जास्त घालायची. "अरं मेल्या, डोळं उघडून बघ की!" हा तिचा पहिला धडा.

आता फिती मागं पडून व्हिडिओ आला होता. चौकातल्या मोरूचं व्हिडिओचं दुकान होतं, त्याला कापाकापी तिनंच शिकवलेली. त्याच्याकडून तिनं टीव्ही आणि दोन व्हीसीआर टेंपोत घालून आणले. सोबत सरावाला गावच्या नव्या विहिरीच्या उद्घाटनाची कॅसेट. हिरूबाई तेव्हा मुंबईत होती. पण पाण्याचा पहिला हंडा तिच्या आईनं, ठकूबाईनं काढला होता. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्या साहेबांनीच तिला पुढं बोलावलं होतं. तेव्हापासून म्हातारी ताठ मानेनं चालायची.

कॅसेट लावली. तीत ठकूबाई कुठंच नव्हती. पहिला हंडा सरपंचांची सून सोडत होती.

"आत्या, हंडा आता सोडतेत, मग दोर आधीच वला कसा?" पदू नावाच्या पोरीनं विचारलं.

हिरूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक मोरूच्या दुकानात.

"माज्याकडनं शिकलास, नि माज्याच आयेला कापलंस व्हय रं?"

मोरूनं मान खाली घातली. "सरपंचांनी सांगितलं, आत्या." मूळ कॅसेट त्यानं काढून दिली. "आजच परत आणा. उद्या हिच्यावरच लग्न उतरवायचं हाय."

म्हणजे आईचा हंडा उद्या पुसला जाणार होता. हिरूबाईनं पोरांना बसवलं. एका यंत्रात मूळ कॅसेट चालवायची, दुसऱ्यात कोरी घालायची. हवं ते उतरवायचं, नको तिथं थांबवायचं. वाडी जमली, ठकूबाई पुढ्यात बसली. टीव्हीत तिचा हंडा वर आला तशी पोरांनी टाळ्या पिटल्या. हंडा डोक्यावर घेऊन ती निघून गेली. मग सरपंचांनी हात केला. दोन गडी आधीच भरून ठेवलेल्या बादल्या घेऊन पुढं आले आणि दोर धुवायला लागले.

टीव्ही उचलून आपटावा असं हिरूबाईला वाटलं. पण आईच्या तोंडाकडं बघायची तिची छाती होईना. म्हातारीची ती ताठ मान! हिरूबाईनं पदूला खूण केली. "थांबव. येवढं नाय घ्यायचं."

पदूचं बोट बटणाकडं गेलं.

"थांबवू नको गं पोरी," ठकूबाई म्हणाली. "मला ठावं हाय. त्या दिशी मी मागं वळून बघितलं व्हतं."

"मंग बोलली का नाय, आये?"

"बोलले असते तर तू भांडाय आली असतीस. वाडीला पानी पायजे व्हतं." म्हातारीनं पदर सारखा केला. "मोरूनं मला कापलं. आता तू तेंनला झाकतीस व्हय?"

हिरूबाईनं पदूचा हात बाजूला सारला. "उतरव. सगळं उतरव," ती ओरडली.

दोर धुवायला त्यांना बराच वेळ लागला. हिरूबाई उभी राहून बघत होती, आणि यंत्र ते सगळं उतरवून घेत होतं.