ट्रकवाल्याचं शेवटचं पान

ही वही कोणाच्या हाती लागलीच, तर अक्षर आणि शुद्धलेखन दोन्हीबद्दल माफ करा. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

लाखनीला हायवेवर माझं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. पूर्ण किंमत ठेवून पुस्तक न्यायचं, परत आणलं की मी भाडं कापून पैसे द्यायची. एका ट्रकवाल्याने कॉलेजातल्या दोन मुलग्यांच्या एकमेकांवरच्या प्रेमाची हलकीफुलकी कादंबरी नेली. दर फेरीला तो ट्रक थांबवायचा, खांद्यावरच्या दुपट्ट्याला हात पुसायचा, टोलच्या पावतीची खूण लावलेलं पान उघडायचा आणि तक्रार सांगायचा.

"बाई, हे पोट्टे अभ्यास कवा करतेत? नापास होतीन पक्के."

शेजारचा पानवाला हसला. "दोन पोट्ट्यायची लव्हस्टोरी वाचतं का गा?"

"रुसतेत त माह्या बायकोसारखेच," तो म्हणाला. "मंग वाचाले का झालं?"

पुढच्या फेरीला एकच पान उरलं होतं, पण तो ते उघडेना. "त्यायची ताटातूट झाली त मले पुढं गाडी चालवनं नाही जमनार. तुमीच पाहा."

मी लाजत, अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं. दोघं एकाच खोलीत राहत होते आणि कपडे कोण धुणार यावरून भांडत होते.

"मंग जमलं त्यायचं," म्हणत त्याने पुस्तक परत दिलं.

मी पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले.

"बाई, भाडं नाही कापलं?"

"शेवट त मीच वाचला," मी म्हणाले, आणि पूर्ण पैसे त्याला घ्यायला लावले.