पिल-नामची पाठ

पिल-नामला पाच मिनिटं एका जागी बसवून दाखवा, मी माझं पार्लर तिच्या नावावर करून देते. लॉस एंजेलिसच्या आमच्या कोरियन वस्तीत तिची लाँड्री आणि माझं पार्लर भिंतीला भिंत लागून आहे. दिवसभर पलीकडून नुसती खुडबुड. गिऱ्हाईक नसलं तर ही बया रिकामे हँगर पुसत बसते. तिसरीही मुलगीच झाली म्हणून आजोबांनी रागाने 'पुढचा मुलगाच हवा' अशा अर्थाचं हे नाव तिच्या गळ्यात अडकवलं. नकोशीच म्हणा ना! त्या नावाला पुसून टाकायचं असल्यासारखी ती जन्मभर राबली. नवरा लवकर गेला, तरी एकुलत्या एका लेकीला, हे-रिमला, दातांची डॉक्टर केलं.

हे-रिमचं लग्न ठरलं आणि पिल-नामची झोप उडाली. होणारी विहीण म्हणजे शिक्षकांच्या घराण्यातली, बोलणं तोलूनमापून. पहिल्याच भेटीत तिने सहज विचारलं, "अमेरिकेत यायच्या आधी तुम्ही काय करत होतात?" पिल-नाम म्हणाली, "ऑफिसात टायपिंग." लेकीलाही तिने आयुष्यभर हेच सांगितलं होतं. खरं फक्त मला ठाऊक. बुसानच्या एका सार्वजनिक स्नानगृहात ती बायकांची अंगं घासायची. खरखरीत हातमोजा चढवायचा आणि पैसे घेऊन लोकांच्या अंगावरचा मळ काढायचा. आमच्यात आठवड्याला घासून घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही, पण घासणारीची लेक सून म्हणून कुणाला चालेल?

आणि विहीणबाईंनी बेत काय करावा? वाळवंटातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायचा. "माझे गुडघे धरलेत. तिथल्या पाण्यात म्हणे खनिजं आहेत. आपण बायका बायकाच जाऊ."

पिल-नाम धावत माझ्याकडे आली. "सुक-ही, तूही चल. मी एकटी गेले तर मरेन."

"अगं, पाण्यात बसायचं आणि यायचं. त्यात मरायचं काय?"

"माझे हात, गं! माझे हात गप्प बसत नाहीत."

गाडीत तिने माझं डोकं उठवलं. खिडकी खाली, खिडकी वर. पवनचक्क्या लागल्या तशी म्हणाली, "एवढ्या वाऱ्यात कुणाला सर्दी झाली म्हणजे?" खायला घेतलेली उकडलेली अंडी तिने तीनदा या डब्यातून त्या डब्यात भरली. शेवटी मीच ओरडले, "पिल-नाम, आता एक अंडं जरी हाललं तर तुला इथेच वाळूत उतरवीन!" पुढच्या सीटवर विहीणबाई गालात हसल्या. हे-रिम गाडी चालवत होती. ती म्हणाली, "मावशी, आईला ओरडून काही फायदा नाही. मी लहानपणापासून ओरडतेय."

तो रिसॉर्ट आमच्याच कोरियन माणसांचा. बाहेर उघड्यावर कुंडं, भोवती ताडाची झाडं, मागे उघडेबोडके डोंगर. आत बायकांचा वेगळा भाग, तिथे आमच्या रीतीप्रमाणे सगळे कपडे काढून जायचं. पाणी इतकं छान होतं की माझी तर हाडं विरघळली. पिल-नाम मात्र काठावर चोर बसावा तशी बसलेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून. जरा वेळाने उठली, कुणाचे तरी टॉवेल घडी करून आली. परत बसली. परत उठली, पालथी पडलेली घमेली सरळ केली. मी डोळे वटारले की बसायची. जीव खालीवर होत होता बिचारीचा, आणि तिच्याकडे बघून माझाही.

मग आम्ही घासायच्या खोलीत गेलो. तिथली पगारी घासणारी, काळ्या कपड्यांतली एक जाडजूड बाई, दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेली होती. विहीणबाई बाकावर पालथ्या पडल्या आणि म्हणाल्या, "हे-रिम, जरा पाठ घास बघू." होणाऱ्या सुनेला सांगायची रीतच आहे ती, त्यात वावगं काही नाही. पण आमची डॉक्टरीणबाई घासणार काय? ती बशी पुसल्यासारखी हात फिरवायला लागली.

पिल-नामकडे मला बघवेना. ओठ दाबलेले, बोटं चुळबुळतायत. मी तिचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं.

"दे इकडे! मळ काढतेयस की कुरवाळतेयस?"

हातमोजा चढला आणि पिल-नामचं सगळं अंगच बदललं. कमरेपासून मानेपर्यंत एकाच दमात हात जायचा. विहीणबाईंच्या तोंडून "आहाहा!" निघालं. "अगं बाई, काय हात आहे हो तुमचा!" पाठ झाली, कंबर झाली, आणि पिल-नामने त्यांच्या मांडीवर दोनदा चापट मारली. फट्, फट्.

विहीणबाई निमूटपणे कुशीवर वळल्या.

आमच्या देशातल्या प्रत्येक बाईला त्या चापट्यांचा अर्थ कळतो. घासणारी तोंडाने बोलत नाही, दोन चापट्या मारते, की गिऱ्हाइकाने वळायचं. आणि आई-मावशी पाठ घासतात तेव्हा चापट्या मारत नाहीत, "वळ गं" म्हणतात. पिल-नामचा हात हवेतच राहिला. कोपऱ्यातली काळ्या कपड्यांतली बाई खो-खो हसली. "ताई, कुठल्या गावात करत होतात? हात अजून बसलेला आहे हं!"

विहीणबाई उठून बसल्या. त्यांनी पिल-नामकडे नीट बघितलं. "टायपिंग म्हणाला होतात."

पिल-नामने मान खाली घातली. "बुसानला. घासायचं काम करत होते. हे-रिमला यातलं काही माहीत नाही. तिला काही बोलू नका."

विहीणबाईंनी टॉवेल गुंडाळला आणि त्या तडक बाहेर निघून गेल्या.

"झालं," पिल-नाम म्हणाली. "मोडलं. माझ्या हातांनी मोडलं."

हे-रिम भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. माझं तर डोकंच फिरलं. गुडघे धरलेत म्हणे, आणि चालली कशी तरातरा! मी त्या विहिणीच्या मागे जाऊन तिला चार शब्द सुनावणार होते. पिल-नाम तोवर खाली बसून फरशी घासायला लागली होती. दुसऱ्याची फरशी, त्याच हातमोज्याने! "अगं, उठ की!" मी म्हटलं. ती ऐकेना. डोळ्यांतून पाणी, आणि हात चालूच.

दार उघडलं. विहीणबाई परत आल्या, हातात बाहेरच्या काउंटरवरून आणलेला कोरा करकरीत हातमोजा. लहान स्टूल पायाने पुढे सरकवून म्हणाल्या, "बसा."

"नको, नको, विहीणबाई…"

"बसा म्हणते ना! मला राग आलाय, आणि तो काही उतरलेला नाही. वर्षभर मला टायपिंगच्या गोष्टी सांगितल्यात. पण माझी पाठ घासलीत ना? मग तुमची घासल्याशिवाय मी उठू कशी? पैसे देऊन घासून घेतली असती तर गोष्ट वेगळी. आपण विहिणी आहोत."

पिल-नाम बसली. विहीणबाईंना घासता येत नव्हतं हो, अजिबात नाही. एकाच जागी घासायच्या, मधेच दम खायच्या. पण थोड्याच वेळात पिल-नामच्या पाठीवरून मळाच्या वळकट्या सुटायला लागल्या, काळ्या, जाडजूड. हात पोचेल तेवढीच स्वतःची पाठ ती धुवायची, मधला भाग तसाच. अख्ख्या बुसानच्या पाठी उजळवणाऱ्या बाईची ही पाठ! ती लाजेने अर्धी झाली. "पुरे हो, घाण निघतेय. हात खराब होतील तुमचे."

"गप बसा," विहीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "हलू नका."

आणि पिल-नाम हलली नाही. हात मांडीवर उताणे टाकून बसून राहिली.

हे-रिम जवळ आली. आईच्या पाठीकडे बघत ती उकिडवी बसली. "आई, मी घरातच होते ना. पाठ घासायला मला का नाही गं सांगितलंस कधी?"

पिल-नाम म्हणाली, "तुझा अभ्यास असायचा."